एकविसाव्या घरापर्यंतचा रस्ता

आमची सोसायटी बडोद्याच्या हद्दीबाहेर होती आणि मला त्याचा केवढा तोरा होता! करजणकडे जाणारा हायवे सोडून आत वळलं की थोडी शेतं लागायची, मग बावीस टेनामेंटांची एक सरळ गल्ली. टेनामेंट म्हणजे एकमेकांना चिकटलेली छोटी घरं, पुढे हातभर अंगण. बिल्डरने जाहिरातीतच लिहिलं होतं की इथे कॉर्पोरेशनच्या टॅक्सची कटकट नाही. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळातलं, म्हणजे गल्लीतलं, भाड्याचं घर सोडून आम्ही तिकडे गेलो ते बरंचसं त्या एका वाक्याच्या भरवशावर.

नव्वदच्या दशकातले दिवस होते. सरकारने हात आखडता घ्यावा, बाकीचं माणसं आपलं आपण बघून घेतील, असं जो तो बोलत होता. मी शाळेत मुलांना गणित शिकवायची आणि घरी आल्यावर नवऱ्याला अर्थशास्त्र. "कर म्हणजे काय, तर माझ्याच खिशात हात घालायचा आणि वर माझ्यावरच उपकार करायचे," असं मी ठणकावून सांगायची. तो कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेला असायचा. तो "हं" म्हणायचा आणि भात कालवायचा. पुरावा तर माझ्या दारातच होता. बोअर आमचा, टाकी आमची, खांबांवरचे दिवे आमचे, चौकीदार आमचा. कोणाला दमडीचा कर न देता आम्ही पाणी पीत होतो आणि उजेडात चालत होतो. पंचायतीचा नाममात्र कर होता म्हणा, पण वाद घालताना मी तो धरत नसे.

सोसायटीची सेक्रेटरी मीच. कोणी मला गळ घातली नव्हती. दुसऱ्याने केलेलं काम मला बघवत नाही, एवढंच त्याचं कारण. सगळं झालं होतं, उरला होता रस्ता. हायवेपासून शेवटच्या घरापर्यंत काळी माती होती आणि पावसाळ्यात तिच्यात चपला रुतून राहायच्या.

मी मीटिंग बोलावली. डांबरी रस्त्याचा खर्च काढला, त्याला बावीसने भागलं. प्रत्येकाचा फाळो सारखा. वर्गणीला बडोद्यात आम्ही मराठी माणसंही फाळोच म्हणतो. पाचवीतल्या पोराला जमेल असा भागाकार होता आणि मला वाटलं, एवढ्यावर विषय संपला.

शेवटच्या, बाविसाव्या घरात एक मराठी जोडपं राहत होतं. मी त्यांना काका-काकू म्हणायची. काका कॉर्पोरेशनच्या कर खात्यातून रिटायर झालेले. घरोघर जाऊन घरं मोजायची आणि कोणावर किती कर बसतो ते ठरवायचं, म्हणजे आकारणी करायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं. त्यांचे वाडवडील संस्थानच्या नोकरीत होते, माझेही होते. अशा घरांमध्ये किती पिढ्या उलटल्या तरी कागदावरचा विश्वास जात नाही. रविवारी सकाळी दूध आणायलासुद्धा काका इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून निघायचे. काकूंचं हृदय कमजोर होतं, पण बोलणं भारी गोड. मला त्या 'पोरी' म्हणायच्या. रविवारी मी गेले की माझ्यासाठी हांडव्याचा एक जाड तुकडा झाकून ठेवलेला असायचा, तोही कडेचा, खरपूस.

मीटिंगनंतरच्या रविवारी काका टेप घेऊन गल्लीत उतरले. एकेका घराची दर्शनी भिंत त्यांनी मोजली, मजले मोजले, वहीत टिपून घेतलं. लोकांना वाटलं, कंत्राटदारासाठी काहीतरी चाललंय. आठ दिवसांनी प्रत्येक दारात एक कागद आला. सुंदर वळणदार अक्षर, गुजरातीत, माझ्या कागदावर खाली मराठीतही. घराची लांबी, मजले, वापर आणि त्यावरून निघणारा रस्त्याचा वाटा. माझं घर कोपऱ्याचं आणि वर एक खोली चढवलेलं, म्हणून मला जास्त. पुढच्या खोलीत पिठाची चक्की टाकलेल्याला त्याहून जास्त. खुद्द काकांचं घर सगळ्यांत लहान, म्हणून त्यांना सगळ्यांत कमी. आणि शेवटी सही करून लिहिलं होतं: हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे.

पुढच्या मीटिंगमध्ये हशा पिकला. पिकवला मीच. तो कागद मी काकांच्या आवाजात, नाकातून, थांबत थांबत वाचून दाखवला. माणसं डोळे पुसेपर्यंत हसली. काका समोर सतरंजीवर बसले होते. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "कर असाच बसवतात. ज्याची भिंत लांब, त्याचा वाटा जास्त. सगळ्यांना सारखं मागणं ही सोय झाली, न्याय नाही."

"काका, तुम्ही रिटायर झालात," मी म्हणाले. "इथे आता सरकार नाहीये."

"ते दिसतंच आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाकीट घेऊन माझ्या दारात आले. त्यांच्या कागदाप्रमाणे त्यांचा जो वाटा होता तेवढे पैसे त्यात होते. मी पाकीट उघडलंसुद्धा नाही. पूर्ण द्या, नाहीतर राहू द्या, असं सांगून परत केलं. माझीही अडचण होती, अगदीच नव्हती असं नाही. आणखी तीन घरं हात आखडून बसली होती. यांना सूट दिली असती तर ती तिन्ही घरं दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आली असती.

काकांनी पाकीट दुमडलं. "मग रस्ता?"

"एकविसाव्या घरापर्यंत होईल."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. तिथल्या तिथे मागे घेता आलं असतं, पण बोललेलं मागे घेणं माझ्या रक्तात नाही. त्याच आठवड्यात मी कंत्राटदाराला एकविसाव्या घराशी चुन्याची रेघ मारून दिली.

पावसाळ्याआधी रस्ता झाला, आणि चांगला झाला. खडी भरून तो दीड हात उंच उचलला होता. गल्लीला शेवटाकडे उतार होता. पूर्वी पाणी सगळ्यांच्या दारात थोडंथोडं साचायचं. आता ते गुळगुळीत डांबरावरून सरळ धावत जाऊन बाविसाव्या घरासमोर थांबायला लागलं. त्यातच कंत्राटदाराने रस्त्याच्या टोकाशी पाणी निघायला एक चर खणला आणि तो उघडाच सोडून निघून गेला. जुलै संपेपर्यंत तिथे तळं झालं. काकांनी विटा मांडल्या, त्या बुडाल्या. माझ्या वरच्या खोलीतून हे सगळं दिसायचं. मी त्या बाजूची खिडकी लावून घ्यायला लागले. पाण्याचं निमित्त करून रविवारचं जाणंही सोडलं.

मधल्या काळात काकू चार दिवस दवाखान्यात राहून आल्या. फुप्फुसांत पाणी भरत होतं. त्यानंतर काका पुन्हा माझ्याकडे आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत, पायरीवर उभं राहूनच बोलले. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा दम वाढला तर अर्ध्या तासाच्या आत दवाखान्यात आणा आणि एक पाऊलही चालवू नका. म्हणजे रिक्षा दारापर्यंत यायला हवी.

"डांबर नको," ते म्हणाले. "दोन ट्रॉली मुरूम टाकून घेतो. खर्च माझा."

यावर मी काय म्हणाले ते मला आजही लिहवत नाही. मी म्हणाले, जमीन सोसायटीच्या मालकीची आहे, परस्पर काही टाकता येणार नाही, मीटिंगमध्ये घ्यावं लागेल. मीटिंग दोन आठवड्यांवर होती. नियमाची मला फिकीर नव्हती. तुझं बरोबर होतं, एवढं त्यांच्या तोंडून मला ऐकायचं होतं. ते म्हणाले असते तर संध्याकाळच्या आत मी मुरूम टाकून दिला असता. ते म्हणाले नाहीत. "बरं," म्हणून गेले.

आणि मीटिंगच्या आधीच ती दुपार आली. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, शाळेला सुट्टी दिली होती, नवरा कामावर होता. तीन वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात काका, कमरेपर्यंत चिखलाने माखलेले.

"फोन करायचा होता. आमचा बंद पडलाय."

"काकू?"

"दम लागलाय. खुर्चीवर बसवून आलोय." ते फोनपाशी गेले, रिसीव्हर उचलला. "कॉर्पोरेशनच्या फायर ब्रिगेडची अँब्युलन्स बोलावतो. नंबर पाठ आहे मला."

आणि मी त्यांना अडवलं. "ते हद्दीबाहेर येणार आहेत का? तुम्हीच सांगा, तुम्ही तिथेच होतात. उगाच वेळ जाईल. मी रिक्षा आणते, पाच मिनिटांत."

घाबरलेला माणूस जो ठामपणे बोलेल त्याचं ऐकतो. काकांनी रिसीव्हर खाली ठेवला. बोलण्याबोलण्यात नंबर मात्र त्यांनी सांगितला होता, तो माझ्या डोक्यात राहिला.

काका काकूंकडे परतले, मी हायवेपर्यंत धावले. दोन रिक्षा थांबल्याच नाहीत, तिसरी थांबली. डांबरावरून ती झोकात आली आणि एकविसाव्या घरापुढे कचकन ब्रेक लागला. रिक्षावाला उतरला, त्याने एक पाय पाण्यात घातला, तो मांडीपर्यंत आत गेला. "बेन, आगळ नहीं जवाय," तो म्हणाला. पुढे जाता येणार नाही. मी दुप्पट देते म्हटलं, तिप्पट देते म्हटलं, मग ओरडले. तो शांतपणे म्हणाला की इंजिनात पाणी शिरून रिक्षा मधेच बंद पडली तर आजारी माणसाला तुम्ही काढणार कसं? तो बरोबर बोलत होता, आणि माझं ते ओरडणं त्याच्यावर नव्हतंच. घड्याळात तीन पंचवीस झाले होते.

मी तशीच पाण्यात शिरले. काकू दारातल्या खुर्चीवर पुढे वाकून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ जांभळट पडले होते. प्रत्येक श्वास त्या कुठून तरी ओढून आणत होत्या. मला पाहून त्या हसल्या. खरंच हसल्या.

शेजारच्या दोघीजणी आल्या. आम्ही तिघी आणि काका, चौघांनी चार बाजूंनी खुर्ची उचलली. तिसऱ्याच पावलाला माझा पाय त्या उघड्या चरात गेला, खुर्ची कलंडली, काकूंचा पदर पाण्यात भिजला. काकांनी कशीबशी सावरली. आम्ही मागे फिरलो. तीन बत्तीस.

आता मी फोनकडे धावले आणि काकांनी सांगितलेला नंबर फिरवला. खोटं बोलायची पूर्ण तयारी ठेवली होती. हद्दीत आहात का असं विचारलं तर सरळ हो म्हणायचं. पलीकडच्या माणसाने तीन गोष्टी विचारल्या: कुठे, काय होतंय, किती पाण्यातून काढायचंय. हद्दीचं त्याने विचारलंच नाही. "नीकळीए छीए, बेन," म्हणाला. निघतोय. मी फोन खाली ठेवला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पण लाजायलाही वेळ नव्हता.

तीन चाळीस झाले. डॉक्टरांनी दिलेला अर्धा तास संपला. मी काकूंच्या मागे उभी राहून त्यांची पाठ धरून होते. काका त्यांच्या समोर बसून एकच सांगत होते, "हळू घे. हळू घे." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. काकूंची मान एकदा खाली गेली आणि काकांनी हनुवटीला हात लावून ती वर केली. मला ओरडावंसं वाटत होतं की चूक माझी आहे, पण अशा वेळी असं ओरडणं म्हणजे पुन्हा स्वतःकडेच लक्ष वेधून घेणं.

तीन अठ्ठेचाळीसला गाडी आली. चार माणसं उतरली. एकाने बांबूने पाणी चाचपत चर शोधून काढला आणि तो स्वतःच त्या चरात छातीपर्यंत उतरून उभा राहिला, म्हणजे बाकीच्यांचा पाय तिथे पडू नये. तिघांनी काकूंना स्ट्रेचरवर बांधलं, खांद्यावर घेतलं आणि त्याच्या शेजारून अलगद काढून डांबरावर आणलं. चरातला माणूस वर आला. अंगावरून पाणी निथळत होतं. त्याने मागे वळून पाहिलं आणि सहज विचारलं, "रस्तो अहीं ज केम पूरो थई गयो?" रस्ता इथेच कसा काय संपला?

मी तोंड उघडलं. त्याआधीच काका म्हणाले, "डामर ओछो पड्यो." डांबर कमी पडलं.

अँब्युलन्समध्ये काका पुढे बसले, मी मागे काकूंजवळ. ऑक्सिजन लावल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. त्यांनी मास्क बाजूला केला. मी नको नको म्हणत असताना एकेक शब्द तोडत बोलल्या, "यांचा हट्ट नडला, पोरी. किती सांगितलं, देऊन टाका पैसे. ऐकलं नाही. तुला बावीस घरांपुढे वाईट व्हायला लागलं."

म्हणजे पाकिटाचं काकांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. सबंध उन्हाळा आणि निम्मा पावसाळा बायकोची बोलणी खात बसले होते. का, ते मी विचारलं नाही. त्या घरात मी हांडवा खाऊन आलेली, काकूंचा माझ्यावर जीव, तो तसाच राहावा असं त्यांना वाटलं असेल. मी काकूंचा मास्क नीट बसवला आणि "बोलू नका" म्हणाले.

सरकारी दवाखान्यात त्यांना आत घेतलं. तीन दिवस काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते तीन दिवस मी बाहेरच्या बाकावर काढले. वाद घालायला समोर कोणी नव्हतं, म्हणून स्वतःशीच घातला. कराशिवाय रस्ता होतो का? होतो. मी केला होता, आणि चांगला केला होता. कॉर्पोरेशनचे रस्ते कसे असतात तेही मला ठाऊक आहे, मांडवीतून मी रोज स्कूटर चालवलेली आहे. पण तिथल्या खड्ड्यांना माझ्याशी वैयक्तिक वैर नसतं. कर घेणाऱ्या कारकुनाला मी डोळ्यांसमोर नको असले, तरी माझ्या दारापुढे चुन्याची रेघ मारायची त्याची प्राज्ञा नसते. आमच्या गल्लीत ती रेघ माझी होती. सरकार नाही असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, पण सरकार होतंच. मीच होते ते, आणि माझ्याविरुद्ध दाद मागायला दुसरी जागा नव्हती.

चौथ्या दिवशी काकू उशीला टेकून बसल्या. काका चहा आणायला खाली गेले तेव्हा मी सांगून टाकलं. "काकू, काकांनी पैसे आणले होते. मी परत पाठवले."

"कधी?"

"रस्ता व्हायच्या आधी. आणि नंतर मुरूम टाकतो म्हणाले होते, तोही मीच टाकू दिला नाही."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "जा आता तू," त्या म्हणाल्या. "मला झोप येतेय." आणि कूस बदलून पडून राहिल्या.

त्याच रविवारी मी मीटिंग घेतली. काकांचा तो कागद पुन्हा वाचला, या वेळी माझ्या आवाजात. चक्कीवाला तावातावाने भांडला, दोन घरं उठून गेली, तरी शेवटी आकारणी मंजूर झाली. माझा वाढलेला वाटा मी तिथेच मोजून ठेवला. काकांचं पाकीट मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन मागून आणलं. त्यांनी ते मुकाट्याने दिलं, शहाणपणाचा एक शब्दही न बोलता, आणि ते मला फार लागलं. पावसाने उघडीप दिल्यावर चर झाकला, भराव घातला, डांबर बाविसाव्या दारापर्यंत नेलं.

काकूंना घरी आणलं त्या दिवशी मी शाळेतून लवकर निघून त्यांच्या फाटकापाशी उभी होते. रिक्षा सबंध गल्ली ओलांडून थेट दारात थांबली. आधी काका उतरले. मी पुढे होऊन काकूंना हात दिला. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग खालच्या नव्या डांबराकडे, आणि बसल्या जागेवरूनच काकांना विचारलं, "सेक्रेटरीबाईंनी घेतले ना आपले पैसे?"

"घेतले," काका म्हणाले.

"मग उतरते," काकू म्हणाल्या, आणि रिक्षाचा दांडा धरून आपल्या आपण उतरल्या.